नस जोडायच्या पद्धतींचा रिव्ह्यू, हँड थेरपीच्या टेबलावरून

मिक्सर घ्यायचा असला की लोक विचारतात ना कुठला चांगला, अगदी त्याच सुरात मला विचारतात, मॅडम नस जोडायची कुठली पद्धत बेस्ट? ट्यूबवाली का पायाची नस काढून लावतात ती? आणि कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं असतं की अमेरिकेत आता रेडिमेड नस मिळते. म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकू.

आधी सांगते, मी सर्जन नाही, ऑपरेशन माझ्या हातून होत नाही. मी हँड थेरपिस्ट. सर्जनचे टाके निघाले की तो हात पुढचं वर्ष दीड वर्ष माझ्या टेबलावर असतो, त्यामुळे कुठली पद्धत कागदावर भारी आणि प्रत्यक्षात किती चालते हे मला जवळून दिसतं. आमच्याकडे येणारे हात म्हणजे यंत्रमागावरचे, कडबाकुट्टीतले, रसवंतीच्या चरकात गेलेले, खिडकीच्या काचेवर मूठ मारलेले (हे जास्त करून विशीतले पोरगे, कारण विचारलं की मान खाली), आणि संक्रांतीच्या आसपास मांजाने कापलेले. नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ सालीच देशभर बंदी घातलीय, तरी जानेवारीत माझ्याकडे बोटं येतातच. आणि बाइकवरून पडून खांद्यापासून अख्खा हात लोंबकळणारे, ते वेगळंच प्रकरण, त्यावर खाली सविस्तर.

पद्धतींकडे जायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर पुढचं सगळं चुकीचं वाटेल. नस म्हणजे इथे नर्व्ह, रक्ताची शीर नव्हे. नस कापली की कापल्या जागेच्या पुढचा, म्हणजे बोटांकडचा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर नावाच्या माणसाने १८५० साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं होतं. आत उरतात त्या फक्त रिकाम्या नळ्या. ऑपरेशनमध्ये दोन टोकं जोडली म्हणजे लगेच बोट हललं असं होत नाही, कारण जुने तंतू पुन्हा जोडले जातच नाहीत, मणक्याकडच्या टोकातून नवीन तंतू फुटतात आणि त्या रिकाम्या नळ्यांतून वाढत जातात, उसाचा खोडवा फुटतो तसं, बुडखा जिवंत असला की वरचं नवीन येतं पण त्याला त्याचा वेळ लागतो. हा वेळ म्हणजे मोठ्या माणसात साधारण दिवसाला १ मिमी, महिन्याला एक इंच. मनगटाजवळ कापलं तर बोटाच्या टोकापर्यंत यायला सहा-सात महिने आरामात. काखेजवळ कापलं तर पंज्यापर्यंत यायला दोन वर्षं, आणि इथेच सगळी गोची आहे, कारण स्नायू तेवढे थांबत नाहीत, साधारण १२ ते १८ महिने नस पोचली नाही तर स्नायू कायमचा वाळतो, मग नस आली काय न आली काय सारखंच. संवेदनेला एवढी घाई नसते, ती उशिरा आली तरी थोडीफार येते.

म्हणजे खरी स्पर्धा पद्धतीपद्धतींत नाहीये, घड्याळाशी आहे.

आणि हो, हात बधिर झाला म्हणजे नस तुटलीच असं नाही. सेडन नावाच्या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये तीन प्रकार पाडले, एक नुसती दबलेली नस, दुसरी आतून तुटलेली पण बाहेरचं आवरण शाबूत, तिसरी पूर्ण तुटलेली. पहिली दोन बहुतेक वेळा आपोआप येतात. दंडाचं हाड मोडून मनगट खाली पडलेला पेशंट आला की घरचे ऑपरेशनच्याच तयारीने येतात, पण बंद फ्रॅक्चरमधली ती नस बहुसंख्य लोकांमध्ये काही महिन्यांत स्वतःहून परत येते, तोपर्यंत मनगट उचलून धरणारं स्प्लिंट आणि धीर. उलट, चाकू, काच, पत्रा यांनी कापलं असेल आणि त्या बाजूला बधिर असेल तर ती कापलेली आहे असंच धरून चालायचं, तिथे वाट बघायची नाही. हे दोन उलटसुलट झालं की नुकसान. आणि लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी एनसीव्ही-ईएमजी (नस आणि स्नायू किती चालतात ते मोजणारी टेस्ट) करून आणणाऱ्यांना सांगते, तीन-चार आठवडे झाल्याशिवाय त्या टेस्टमध्ये खरं चित्र येत नाही, पैसे वाया.

आता रिव्ह्यू.

सरळ शिवणं, म्हणजे टोकाला टोक लावून. मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्याने, ८-० पासून १०-० पर्यंतचा नायलॉन, आवरणाला चार-सहा टाके. जखम स्वच्छ असेल, पहिल्या काही दिवसांत केलं आणि टोकं न ओढता भेटत असतील तर याच्यापुढे बाकी सगळं फिकं, पाचपैकी पाच. नवीन तंतूंना एकच सांधा ओलांडायचा असतो, दुसरीकडून काही काढायचं नाही, खर्चही त्यातल्या त्यात कमी. लहान पोरांमध्ये तर रिझल्ट असे येतात की आपणच खूश.

पण "न ओढता" हे शब्द लक्षात ठेवा. टोकं लांब असतात, सर्जन मनगट पूर्ण वाकवून ओढून जुळवतो, प्लास्टर घालतो, ऑपरेशन नोटमध्ये सगळं झकास, आणि तीन आठवड्यांनी मी मनगट सरळ करायला घेतलं की त्या सांध्यावर ताण येतो, रक्तपुरवठा मार खातो, तिथे व्रण माजतो. व्हिएन्नाच्या हान्नो मिलेसी यांनी १९७० च्या आसपास हेच ठणकावून सांगितलं की ताण देऊन शिवण्यापेक्षा मध्ये दुसरी नस घाला, दोन सांधे झाले तरी चालतील. एवढी जुनी गोष्ट, तरी अजून ओढून शिवलेले हात येतात. मायक्रोस्कोप किंवा निदान चांगले लूप (डोळ्याला लावायची भिंगं) नसतील तिथे नस शिवायलाच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, टोकांना खुणेचा टाका घालून पुढे पाठवावं.

यातच तो डिंक येतो, फायब्रिन ग्लू. टाक्यांऐवजी किंवा टाक्यांसोबत लावतात. ऑपरेशन पटकन होतं, खांद्याजवळ बऱ्याच बारीक नसा लावायच्या असतील तिथे सर्जनला फार सोयीचं. ताण मात्र तो धरत नाही. पेशंटने यावर डोकं खाऊ नये, तो सर्जनचा प्रश्न आहे.

आता पायाची नस. हिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत आणि माझ्या मते मोठ्या गॅपसाठी अजूनही हीच नंबर एक. पोटरीच्या मागून घोट्याकडे जाणारी सुरल नावाची नस असते, ती फक्त संवेदनेची, कुठलाही स्नायू हलवत नाही, एका पायातून ३० ते ४० सेंमी मिळू शकते. हातातल्या जाड नसेला ती एकटी पुरत नाही, म्हणून तिचे तुकडे करून तीन-चार तुकडे शेजारी शेजारी लावतात. आमच्या एका काकांनी सर्जनला विचारलं होतं, दुखणं हाताचं आणि तुम्ही पायाला कशाला हात लावताय, मी उद्या लंगडलो तर? नाही लंगडत. पावलाची बाहेरची कड बधिर होते, पोटरीवर व्रण राहतो, काहींना तिथे वर्षभर झणझण होते, क्वचित कापल्या टोकाला दुखरी गाठ होते. तोटे एवढेच, पण आहेत, आणि ते आधी सांगितले पाहिजेत, कारण माझ्याकडे येऊन लोक पायाचीच तक्रार जास्त करतात.

ती एवढी भारी का? कारण ती स्वतःची जिवंत नस आहे, तिच्यात नळ्याही आहेत आणि तंतूंना वाट दाखवणाऱ्या श्वान (Schwann) पेशीही आहेत, जे बाजारातल्या कुठल्याच वस्तूत मिळत नाही. शरीर परकं म्हणत नाही. बोटाच्या बारीक नसेसाठी पायापर्यंत जायचीही गरज नसते, हाताच्याच आतल्या बाजूची किंवा मनगटाच्या मागची बारीक संवेदनेची नस चालते. मार्क साडेचार, अर्धा पायाच्या झणझणीचा कापला.

ट्यूब. म्हणजे कंड्युइट. कोलॅजनची किंवा विरघळणाऱ्या पॉलिमरची पोकळ नळी, दोन टोकं दोन बाजूंनी आत सरकवायची, मधल्या पोकळीत तंतू वाढत जातात आणि नळी नंतर विरघळते. अमेरिकेत १९९९ ते २००१ च्या दरम्यान पहिल्या अशा नळ्यांना परवानगी मिळाली. कल्पना सुंदर आहे, पाय कापायला नको, ऑपरेशनचा वेळ वाचतो, आणि बोटाच्या बारीक संवेदनेच्या नसेत सेंटीमीटरभर गॅप असेल तर मी स्वतः चांगले रिझल्ट बघितलेत. माहितीपत्रकावर ३ सेंमीपर्यंत चालते असं असतं. माझा अनुभव म्हणाल तर दीड सेंमीच्या पुढे भरवसा नाही आणि जाड, स्नायू चालवणाऱ्या नसेला तर नाहीच, कारण मध्ये पोकळी आहे, तिथे वाट दाखवायला कुणी नाही.

एक केस सांगते. शहरातल्या एका हॉस्पिटलात यंत्रमाग कामगाराच्या कोपराखाली अल्नर नसेला (करंगळीच्या बाजूने पंज्यात जाणारी) मोठ्या गॅपमध्ये ट्यूब टाकली, इम्पोर्टेड म्हणून बिलही तसंच, घरच्यांना वाटलं महागडी वस्तू म्हणजे चांगलीच असणार. आठ महिने आम्ही वाट बघतोय, टिचक्या मारून तंतू कुठवर आले ते बघतोय (ही टेस्ट खाली सांगते), खूण पुढे सरकतच नाही. करंगळी आणि शेजारचं बोट पंजासारखं वाकलेलं, अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसल भागात खड्डा. शेवटी दुसरीकडे उघडलं, नळीच्या जागी नुसता व्रणाचा दोरा. मग पायाची नस लावली पण वेळ गेलेला, संवेदना थोडी आली, पंज्यातले बारीक स्नायू आले नाहीत ते नाहीतच. चूक ट्यूबची नाही म्हणणार मी, चुकीच्या जागी वापरली. बोटाला चार मार्क, कोपराजवळच्या नसेला एक, तोही पॅकिंग चांगलं असतं म्हणून.

ट्यूबचा गरीब भाऊ म्हणजे स्वतःची रक्तवाहिनी. हाताच्या मागची छोटी शीर काढून तिचीच नळी करतात, आत स्नायूचा तुकडा भरला तर ती चपटी होत नाही. छोट्या गॅपला छान चालते आणि मटेरियलचा खर्च शून्य. हिची जाहिरात कुणी करत नाही, कारण विकायला काही नाही.

आता ती अमेरिकेतली रेडिमेड नस. ही अफवा नाही, खरी आहे. फ्लोरिडातली ॲक्सोजेन कंपनी २००७ पासून ॲव्हान्स नावाने विकते. देहदान केलेल्या माणसाची नस घेऊन त्यातल्या पेशी धुऊन काढतात, उरतो तो नळ्यांचा सांगाडा, म्हणून शरीर ती नाकारत नाही आणि किडनी बदलल्यावर घेतात तशा गोळ्या लागत नाहीत. ७ सेंमीपर्यंतच्या लांबीत मिळते. बोटांच्या नसांवर ट्यूबशी समोरासमोर तुलना केली तेव्हा लहान गॅपमध्ये फारसा फरक नव्हता, गॅप १२ मिमीच्या वर गेल्यावर ही पुढे गेली. ते पटतं, कारण आत नळ्या आहेत. पण श्वान पेशी धुऊन गेलेल्या आहेत, त्या दोन्ही टोकांकडून चालत याव्या लागतात, म्हणून लांब गॅपमध्ये पायाची नस हिच्यापुढेच राहते. माझ्या टेबलावर ही एकदाच आली, तिकडे नोकरी करणारा पुण्याचा मुलगा, ॲव्होकाडो कापताना बोट कापून घेतलं, सुट्टीवर आला तेव्हा थेरपी माझ्याकडे. रिझल्ट मस्त होता. किंमत हजारो डॉलरमध्ये, इन्शुरन्सने भरली म्हणून तो निवांत. आपल्याकडे कुणी याच्यासाठी शेत विकायला निघाला तर मी त्याला आधी बसवून चहा पाजेन.

आता माझी सगळ्यात आवडती, आणि जिच्याबद्दल पेशंटला सगळ्यात कमी माहीत असतं ती. नर्व्ह ट्रान्स्फर. इथे तुटलेली जागा दुरुस्तच करत नाहीत, वाळत चाललेल्या स्नायूच्या अगदी जवळ जाऊन शेजारच्या चालू नसेचा एखादा जुडगा त्याला देतात. फ्रान्सचे सर्जन ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये हे सांगितलं, अल्नर नसेतला एक छोटा जुडगा काढून बायसेप्सच्या नसेला जोडायचा. खांद्याजवळून नस वाढत यायला वर्ष लागलं असतं, इथे अंतर काही सेंटीमीटर, सहाएक महिन्यांत कोपर वाकायला लागतं. आणि ज्याच्याकडून उसने घेतलं त्या पंज्याला जाणवण्यासारखा तोटा बहुतेकांना होत नाही.

बाइकवाल्यांसाठी हे म्हणजे अक्षरशः हात परत मिळणं. मानेपासूनच्या नसा मणक्यातून उपटल्या गेल्या असतील तर जोडायला दुसरं टोकच नसतं, मग ना टाका ना ट्यूब ना पायाची नस, उसनवारी हाच रस्ता. थेरपीत तर याच्यासारखी मजा कशात नाही. ओबर्लिनच्या ऑपरेशननंतर सुरुवातीला पेशंटला सांगायचं, कोपर वाकवायचं मनात आणू नकोस, मूठ घट्ट आवळ, आणि मूठ आवळली की बायसेप्स थरथरतो. बरगडीजवळच्या नसा दिल्या असतील तर खोल श्वास घेतला की दंड हलतो, खोकला आला की हात उचलतो, आई शेजारी बसलेली ती दचकते. मग महिनोन्महिने सराव करून मेंदू शिकतो आणि एक दिवस श्वास न घेता हात तोंडाकडे जातो.

अट एकच, वेळ. तीन ते सहा महिन्यांत झालं तर उत्तम, वर्ष उलटलं की बहुतेक सर्जन नको म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. आमच्याकडची पोरं मात्र येतात ती नस बसवणाऱ्याकडे, तेलवाल्याकडे, मग देवाला, मग दहाव्या महिन्यात माझ्याकडे. हे काम प्रत्येक गावात होत नाही, मुंबई-पुण्यात करणारे आहेत, आणि आमच्या भागातले काही लोक कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटललाही जाऊन आलेत, तिथे हाताच्या आणि अशा नसांच्या कामाचं मोठं सेंटर आहे. लांब आहे, पण दहा महिने घरी बसण्यापेक्षा जवळ. मार्क पाच, वेळेत गेलात तर.

उशीर झालाच तर? तर टेंडन ट्रान्स्फर. नस येणार नाही हे मान्य करून चालू असलेल्या स्नायूची दोरी उचलून बंद पडलेल्या कामाला लावायची. कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवर पॉल ब्रँड या सर्जनने वेल्लोरला १९४० च्या दशकाच्या शेवटी हेच काम उभं केलं, म्हणजे या बाबतीत भारताने जगाला शिकवलंय. मनगट पडलेल्या माणसाला दोन-तीन महिन्यांत पुन्हा ग्लास उचलता येतो. जुनाट पद्धत म्हणून लोक नाक मुरडतात, मला कळत नाही का. संवेदना मात्र यातून येत नाही.

आता बाकीचं फुटकळ. मेकोबॅलामिनच्या गोळ्या, प्रत्येकाच्या पिशवीत असतात, बी-१२ कमी असेल तर घ्याव्यात, कापलेली नस त्या जोडत नाहीत. तेल चोळणं, त्वचेला बरं. क्लिनिकमधला करंट, त्यावर लोकांची फार श्रद्धा. कॅनडात एडमंटनला टेसा गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळा करंट वापरला, ऑपरेशन झाल्या झाल्या नसेलाच, २० हर्ट्झचा, फक्त एक तास, आणि तंतू लवकर पुढे निघतात असं माणसांतही दिसलं. तो आणि कोपऱ्यावरच्या मशीनचा महिनाभराचा करंट एक नव्हे.

आमच्या खात्याचाही रिव्ह्यू द्यायला हवा, नाहीतर म्हणाल स्वतःला सोडलं. स्प्लिंट उकाड्यात घाण वाटतं, व्यायाम कंटाळवाणे, डोळे मिटून तांदळात राजमा शोधायला लावतो तेव्हा मोठी माणसं लाजतात. पण नवीन तंतू कुठल्या बोटाला पोचले हे मेंदूला नव्याने शिकवावं लागतं, ते ऑपरेशनमध्ये येत नाही. बधिर बोटं तव्याला, बिडीला भाजतात आणि कळत नाही, हे घरच्या बायकांना तर पहिल्याच दिवशी सांगते. थंडीत हात कळ मारतो, वर्षानुवर्षं, ते नॉर्मल आहे. आणि सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे टिचकी. नसेच्या रेषेवर बोटाने टिचकी मारत या, जिथे मुंग्या पुढे बोटांकडे धावतात तिथवर तंतू पोचलेत. टिनेल या फ्रेंच डॉक्टरने १९१५ मध्ये युद्धातल्या जखमी सैनिकांवर हे नोंदवलं. मी पेनने खूण करून तारीख घालते आणि मोबाइलवर फोटो काढायला सांगते, महिन्याने खूण इंचभर पुढे सरकली पाहिजे. तीन-चार महिने जागची हलली नाही तर सर्जनला दाखवा, गोळ्या वाढवून मागू नका.

म्हणून कुठली बेस्ट असं विचारणाऱ्याला मी उलट विचारते, गॅप किती? शून्य असेल तर शिवा, बोटात सेंटीमीटरभर असेल तर ट्यूब किंवा शीर, त्याहून मोठी किंवा जाड नस असेल तर पायाची, स्नायूपासून फार लांब असेल तर ट्रान्स्फर. सर्जनला बिनधास्त विचारा की मायक्रोस्कोप आहे का, अशा किती केल्यात, चांगला सर्जन चिडत नाही. सरकारी योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. हात कापून कॅज्युअल्टीत गेलात तर सुन्न करायचं इंजेक्शन द्यायच्या आधी प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांना पेनाचं टोपण लावून बघायला सांगा, कारण कातडी शिवून टाकली आणि नस राहून गेली असे हात मला दर वर्षी भेटतात.

आणि डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोटची झेरॉक्स मागून घ्या. कार्डावर नुसतं नर्व्ह रिपेअर केलं एवढंच असतं, नोटमध्ये कुठली नस, किती मिमी गॅप, कशाने जोडली हे सगळं असतं, आणि आम्हाला थेरपी ठरवायला तेच लागतं.